ढकलून न पाहिलेली जाळी

माझ्या बाबांनी मला आयुष्यात एकदाच शाबासकी दिली, आणि ज्या कामासाठी दिली त्याच कामामुळे त्यांचं मांजर तिसऱ्या मजल्यावरून खाली पडलं.

मी जाळ्या बसवतो. बाल्कनीला, खिडक्यांना, संडासामागच्या डक्टला. कबुतरांनी जीव नकोसा केला की लोक मला फोन करतात. मी ड्रिल आणि नायलॉनच्या जाळीचं भेंडोळं घेऊन जातो, भिंतीत भोकं पाडतो, आकडे बसवतो, जाळीच्या कडेची दोरी त्या आकड्यांत अडकवतो आणि घरी येतो. सतरा वर्षं हेच चाललंय. बाबांच्या मते याला काही काम म्हणत नाहीत. ते शाळेत व्यायामशिक्षक होते. छत्तीस वर्षं मैदानात उभं राहून त्यांनी लोकांच्या पोरांना ताठ उभं राहायला शिकवलं आणि स्वतःचा मुलगा भिंतींना भोकं पाडत फिरतो, हे त्यांना कधी पचलं नाही. 'अर्धवट' हा शब्द त्यांनी खास माझ्यासाठी राखून ठेवला होता. माझं शिक्षण अर्धवट, दाढी अर्धवट, काम तर अर्धवट असणारच.

मांजर आईचं. आई होती तोवर ते सडपातळ होतं, कारण आई भाजी चिरता चिरता मोज्याचा गोळा करून पॅसेजमध्ये भिरकावायची आणि मांजर त्याच्यामागे धावायचं. दिवसातून वीस वेळा तरी. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि मोजे कपाटात गेले. बाबा सोफ्याच्या एका टोकाला बसायला लागले, मांजर दुसऱ्या टोकाला. मी दोन गल्ल्या सोडून राहतो, रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचो. दार उघडलं की दोघंही माझ्याकडे एकाच कंटाळ्यानं बघायचे. बाबा वाळत चालले होते आणि मांजर फुगत चाललं होतं. डब्यातलं अन्न कुठे जातंय हे कळायला मला दोन महिने लागले.

शेवटी मांजराला जिना चढताना धाप लागली, म्हणून दोघांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी मांजराला काट्यावर ठेवलं. साडेसहा किलो.

"हिला आजार नाही," बाई म्हणाल्या. "हिला व्यायाम नाही."

खुर्चीत गोळा होऊन बसलेले बाबा त्या एका शब्दावर सरळ झाले. मी बघितलं. पाठीचा कणा आधी, मग मान.

"कसला व्यायाम? किती वेळ? दिवसातून किती वेळा?"

बाईंनी सगळं समजावलं. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. काठीला दोरी, दोरीला पीस. पीस तिच्या अंगावर न्यायचं नाही, तिच्यापासून लांब पळवायचं, सोफ्याआड लपवायचं, थांबवायचं. सुरुवातीला उंच उड्या नकोत, सांधे दुखावतात. चढायला भिंतीवर दोन फळ्या. खेळाच्या शेवटी पीस तिच्या पंजात सापडू द्यायचं आणि मग खायला द्यायचं, नाहीतर चिडचिडी होते. खेळ संपला की काठी कपाटात ठेवायची, दोरी बाहेर ठेवायची नाही. मांजर दोरी गिळतं आणि आतडी कापली जातात. "आणि बाल्कनीला जाळी हवीच," बाई म्हणाल्या. "एकदा खेळात रंगली की खाली किती मजले आहेत हे मांजर बघत नाही."

"वॉर्म-अप?" बाबांनी विचारलं.

बाई हसल्या. बाबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर वेळापत्रक लागलं. त्यात वेळ, प्रकार आणि शेरा असे रकाने. ट्रंकेतली जुनी शिट्टी निघाली, तिला नवी दोरी लागली. मांजराला आजवर नाव नव्हतं, आई नुसतं 'अगं' म्हणायची. बाबांनी तिचं नाव सातवी ब ठेवलं. छत्तीस वर्षांत आपल्याला हरवणारा एकच वर्ग भेटला, असं ते म्हणायचे. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच. एक लांब शिट्टी म्हणजे ये. दोन तुटक शिट्ट्या म्हणजे खेळ संपला, शिकार तुझी, चल खायला. पंधरा दिवसांत सातवी ब कुठेही झोपली असली तरी लांब शिट्टीवर धावत यायला लागली. महिन्यात तिचं अर्धा किलो वजन उतरलं. बाबा दाढी करायला लागले. डब्यातलं स्वतः खायला लागले. शेऱ्याच्या रकान्यात मी एकदा वाचलं, 'आज आळस केला. दोघांनीही.' स्वयंपाकघरात उभं राहून मी बराच वेळ डोळे पुसत होतो.

मग एके दिवशी बाबा म्हणाले, "जाळी लावून दे. नीट लाव."

मी सगळी कामं बाजूला ठेवून ती जाळी लावली. जाडात जाड दोरी आणली, आकडे वीतभर अंतरावर ठोकले, एरवी हातभर अंतर चालतं. सगळं झाल्यावर बाबांसमोर दोन्ही हातांनी जाळी धरली, स्वतःकडे ओढली आणि पाय उचलून चक्क तिला लटकलो. एकही दोरी हलली नाही.

"बिनधास्त खेळवा," मी म्हणालो. "हत्ती आला तरी निघायची नाही."

बाबांनी कडेनं बोट फिरवलं, खालपासून वरपर्यंत. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास. पूर्ण केलंस."

मी एकेचाळीस वर्षांचा आहे. खाली येऊन स्कूटरवर बसलो आणि किल्ली कुठल्या खिशात आहे तेच मला आठवेना. पुढं सोसायटीच्या सेक्रेटरीनं ती जाळी पाहिली, बाबांनी त्याला ती मास्तरकीच्या थाटात दाखवली असणार, आणि दोन महिन्यांत त्या इमारतीत मी आणखी चौदा बाल्कन्यांना जाळ्या बसवल्या. लोक म्हणायचे, सरांकडे बसवलीय तशीच बसवा. मी तशीच बसवली.

मग तो शुक्रवार आला.

पाचचा खेळ चालू होता. सातवी ब रंगात आली होती. तेवढ्यात दाराची बेल वाजली. बाबांनी काठी बाल्कनीतल्या खुर्चीवर टेकवली आणि दार उघडायला गेले. कुरियर होतं, सही हवी होती. काठी कधीच बाहेर ठेवायची नाही हा नियम त्यांनीच फ्रिजवर लावलेला. पण बेल वाजल्यावर माणूस दाराकडे जातो, कपाटाकडे जात नाही. सही करून परत वळताना त्यांनी सवयीनं दोन तुटक शिट्ट्या दिल्या. मांजर नव्हतं. सोफ्याआड नव्हतं, फळीवर नव्हतं. खालून कोणीतरी ओरडलं की काहीतरी पडलं. त्यांनी मला फोन केला आणि चपला न घालता जिना उतरले.

मी दहा मिनिटांत पोचलो. बाबा खाली झुडपांत वाकून शोधत होते, मला म्हणाले, "वर जाऊन बघ, घरातच कुठे दडली असेल." मी वर गेलो. बाल्कनीत पाऊल टाकलं.

खालच्या डाव्या कोपऱ्यात जाळी सुटून बाहेरच्या बाजूला लोंबत होती. दोरी तुटली नव्हती. आकडे उपटले नव्हते. सहा आकड्यांतून दोरी नुसती निसटली होती, एकापाठोपाठ एक.

कबुतर बाहेरून आत ढकलतं. म्हणून कबुतराच्या जाळीला आकड्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला ठेवतात. पाखरानं कितीही धडक मारली तरी दोरी आकड्याच्या पोटात आणखी घट्ट बसते. मांजर आतून बाहेर झेप घेतं. त्याच्यासाठी तोंडं आतल्या बाजूला हवीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. कोणी विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं. पण सतरा वर्षं कबुतरांसाठीच आकडे फिरवलेल्या माझ्या हातांनी त्या दिवशी डोक्याला विचारलंच नाही. आणि तपासली कशी? स्वतःकडे ओढून. लटकून. एखादं दांडगं कबुतर आलं असतं तर काय झालं असतं, एवढंच मी बाबांना दाखवलं होतं. आकड्यांपाशी आतून बाहेर एकदा ढकलून पाहिली असती तर एका तळहातानं निघाली असती.

पुढं मी काय केलं ते सांगतो, कारण न सांगता राहून पाहिलंय. मी खाली बसलो आणि सहाही आकड्यांत दोरी परत अडकवली. अर्धं मिनिट लागलं. पीस जाळीपाशी लोंबणारी काठी खुर्चीवरून उचलून कपाटात ठेवली.

बाबा वर आले. गुडघ्यांना माती, पायाला कसलासा ओरखडा, श्वास लागलेला.

"जाळी?"

"जाळी शाबूत आहे, बाबा."

त्यांनी जाळीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, तोही नेमका त्या दिवशी. ते स्वयंपाकघरात गेले. तिथली लहान खिडकी उघडी होती. दूध तापवलं की ते ती उघडत असत. ते खिडकीसमोर उभे राहिले, आणि त्यांनी आपल्या डोक्यात सगळं जुळवलं ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

"मी उघडी ठेवली," ते म्हणाले. "उघडल्याचं आठवतही नाही मला. कट्ट्यावर चढून बसली असेल. मी शिट्टी दिली, ती दचकून वळली असेल, आणि..." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि चमच्यांच्या खणात टाकून खण लावून घेतला. "माझ्या शिट्टीनं गेली ती."

मी टॉर्च घेतला आणि खाली उतरलो.

त्या संध्याकाळी, शनिवारी अख्खा दिवस आणि रविवारी सकाळी मी ती इमारत पिंजून काढली. झुडपं, गटाराची झाकणं, गाड्यांची इंजिनं, मीटरची खोली. पंपाच्या खोलीमागे जुनी दारं आणि खिडक्यांच्या चौकटी रचून ठेवल्या होत्या, तिथं दोनदा टॉर्च मारला. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पडलेलं मांजर लांब जात नाही. जवळच कुठेतरी दडतं आणि कितीही दुखलं तरी आवाज करत नाही. तुम्ही हाक मारली तरी ओ देणार नाही. रोजच्या सवयीचा आवाज असेल तर कदाचित येईल. आणि दोन दिवसांच्या वर पाण्याशिवाय तग धरणं कठीण आहे.

"सवयीचा आवाज म्हणजे?"

"सरांची शिट्टी," बाई म्हणाल्या. "अजून वाजवली नाहीत?"

मी बाबांना सांगितलं. ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते, त्या खिडकीखाली. दोन दिवस डबा जसाच्या तसा परत जात होता. दाढीचे खुंट पांढरे दिसायला लागले होते.

"ती शिट्टी परत वाजणार नाही."

"बाबा, ती जिवंत असेल तर..."

"एकदा वाजवली त्याचं काय झालं ते बघितलंस ना?"

मग मी खण उघडून शिट्टी घेतली आणि खाली जाऊन स्वतः वाजवली. बाबांची लांब शिट्टी साधी नाही. आधी जिभेनं एक ठेच, मग खालून वर चढत जाणारा सूर, आणि शेवटी तो सूर असा कापतात की चारशे पोरं एका पायावर थांबायची. माझ्या शिट्टीवर वॉचमन धावत आला आणि कुठली गाडी मागे घ्यायचीय म्हणून विचारायला लागला. पहिल्या मजल्यावरून सेक्रेटरीनं डोकं काढून विचारलं, सोसायटीत कवायत आहे काय. मी गाल दुखेपर्यंत फुंकत राहिलो. दोन कुत्री आली. सातवी ब आली नाही.

शिट्टी ठेवायला रविवारी दहाच्या सुमारास वर गेलो. बाबांनी मला समोर बसायला सांगितलं. त्यांच्या हातात फ्रिजवरचं वेळापत्रक होतं, काढून नीट चार घड्या केलेलं.

"मला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन चल," ते म्हणाले. "तुझी आजी अशीच सुरू झाली होती. आधी गॅस, मग दार, मग माणसं. तुला आठवत नसेल, तू लहान होतास. शेवटी तिनं मला विचारलं होतं, हे मास्तर कोण आहेत म्हणून."

"बाबा, असं काही..."

"बोलू दे. मी खिडकी उघडली हे मला आठवत नाही. काठी खुर्चीवर ठेवली होती असं मला आठवतंय, पण ती कपाटात सापडली. म्हणजे जे केलं ते आठवत नाही आणि जे केलं नाही ते आठवतंय." त्यांचा आवाज कापला. छत्तीस वर्षं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा आवाज. "म्हाताऱ्या माणसांना ठेवतात ना, तसं एखादं ठिकाण बघ माझ्यासाठी. मी गंमत करत नाहीये. माझ्या हाती आता जिवंत काही ठेवू नकोस."

काठी कपाटात मी ठेवली होती. मला वाटलं होतं, काठी पाहून त्यांना आणखी वाईट वाटेल. खरं तर तेही खोटं आहे. बाल्कनीत काठी दिसली असती तर कोणाचंही लक्ष जाळीकडे गेलं असतं, म्हणून ठेवली.

मला तिथं बोलायला हवं होतं. शाबासकी मिळालेला माणूस ती परत कशी करतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी उठलो, बाबांचा हात धरला आणि त्यांना ओढतच बाल्कनीत आणलं. डाव्या कोपऱ्यात बसलो. तळहात जाळीवर ठेवला आणि बाहेर ढकलला.

टक. टक टक टक. दोरी एकेका आकड्यातून निसटत गेली आणि जाळी बाहेर लोंबायला लागली. पलीकडे तीन मजले खोल अंगण दिसत होतं.

बाबा माझ्या शेजारी खाली बसले, त्यांचे गुडघे दुमडताना वाजले. त्यांनी एका आकड्याच्या तोंडात बोट घातलं, फिरवून पाहिलं. मग दुसऱ्या. पोरांच्या रांगेत कोण चुकीच्या दिशेला वळलंय हे शोधावं तसं ते बघत होते, आणि सगळेच चुकीच्या दिशेला होते.

"तुला केव्हा कळलं?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी केव्हा?"

"तुम्ही वर यायच्या आधी."

"काठी?"

"मी ठेवली. तुम्ही खुर्चीवरच ठेवली होती. तुम्हाला सगळं बरोबर आठवतंय, बाबा. सगळं."

मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकलं आणि त्यांच्या बोटांमागून एक लांब श्वास बाहेर आला. दोन दिवस कोंडलेला असावा. मग ते उठले. कपाटातून बूट काढले, मोजे चढवले, बूट घालून नाड्या बांधल्या, दुहेरी गाठ. तेवढा वेळ मला तिथं उभं राहवेना आणि हलवेनाही. त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. मी खिशातली शिट्टी त्या हातावर ठेवली. माझ्या तोंडची होती म्हणून त्यांनी ती शर्टाला पुसली.

तीन मजले ते कठड्याला हात न लावता उतरले. इमारतीच्या मागच्या बाजूला, पंपाच्या खोलीपाशी, पाय जुळवून उभे राहिले आणि शिट्टी वाजवली. आधी ठेच, मग चढता सूर, मग कापलेलं टोक. वरच्या दोन-तीन खिडक्या उघडल्या.

काही नाही.

त्यांनी दहा आकडे मोजले, ओठ हलताना दिसत होते. परत वाजवली. मी मनात म्हणत होतो, आता उशीर झाला, मी उशीर केला, शुक्रवारी संध्याकाळी एक वाक्य बोललो असतो तर पाच मिनिटांत ही शिट्टी वाजली असती.

तिसऱ्या शिट्टीनंतर रचलेल्या दारांच्या मागून नखं घासल्याचा आवाज आला.

ती पुढच्या दोन पायांवर आली. मागचं अंग फरपटत होतं, जबडा एका बाजूला गेला होता, डोळे चिकटले होते. तिला दिसत नव्हतं. ती आवाजाकडे येत होती. मी पुढं झालो तर बाबांनी हात आडवा करून मला थांबवलं, कारण ती रोजच्यासारखी येत होती आणि मध्ये कोणी आलं असतं तर परत आत गेली असती. ते जमिनीवर पालथे झोपले. ती त्यांच्या हातापाशी पोचली तेव्हा त्यांनी अगदी हळू दोन तुटक शिट्ट्या दिल्या. खेळ संपला. तिनं डोकं त्यांच्या मनगटावर ठेवलं.

डॉक्टरबाईंनी तिला आत घेतलं. तासाभरानं बाहेर येऊन म्हणाल्या, जबडा आणि मागचा पाय मोडलाय, पण तिला मारेल ती तहान. दोन दिवस पाणी नाही, मूत्रपिंडं दमलीत. सलाईन लावलंय. संध्याकाळपर्यंत मी काहीही सांगणार नाही.

आम्ही बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर गुटगुटीत मांजराचं चित्र होतं. बाबांनी समोर बघतच विचारलं, "आमच्या इमारतीत किती जाळ्या बसवल्यास?"

"चौदा."

"आकडे?"

"सगळे तसेच. सरांकडे आहेत तसे."

"मांजरं किती घरांत?"

"दोन."

"लहान मुलं?"

मी उत्तर दिलं नाही. मला उत्तर येत होतं म्हणून दिलं नाही. दोन दिवसांत मी मांजराचा विचार केला, बाबांचा केला, माझ्या शाबासकीचा तर सतत केला. हा एक विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

"उठ," बाबा म्हणाले.

"तुम्ही इथं एकटे?"

"मी काही विसरत नाही. उठ."

पहिलं दार सेक्रेटरीचं वाजवलं. मी म्हणालो, "बाल्कनीचं दार आधी लावून घ्या. मी बसवलेली जाळी चुकीची आहे. आतून ढकलली तर निघते." त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो एवढा ओरडला की त्याची बायको बाहेर आली. शुक्रवारपासून माहीत होतं? तुम्ही माणूस आहात की कोण? सरांचा मुलगा म्हणून काम दिलं तुम्हाला! मी ऐकून घेतलं, त्याच्या बाल्कनीतली दोरी आकड्यांना तारेनं घट्ट बांधली, आकडे उद्या बदलतो म्हणालो, आणि खाली मान घालून पुढच्या दाराशी गेलो. दुसऱ्या घरी कोणी ओरडलं नाही, ते जास्त वाईट होतं. तिसऱ्या घरातल्या बाईंनी मला आत घेतलंच नाही, तार माझ्या हातातून ओढून घेतली आणि दार लावलं. चौथ्या घरात तार बांधत असताना फोन वाजला. बाबा.

"डोळे उघडले तिनं," ते म्हणाले. "पाणी चाटलं. बाई म्हणतात जगेल. पाय सरळ होणार नाही, उड्या बंद." मग थोडं थांबून, "जमिनीवरचे व्यायाम बसवता येतील."

मी हातातली पक्कड खाली ठेवली.

"किती घरं झाली?"

"तीन. चौथं चालू आहे."

"मग फोन कशाला उचललास?" ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पाचवं घर दुसऱ्या मजल्यावर. दार एका तरुण माणसानं उघडलं, खांद्यावर टॉवेल, मला ओळखून हसला. त्याच्या मागे हॉल, हॉलच्या पलीकडे बाल्कनीचं दार सताड उघडं. बाल्कनीत दीड-दोन वर्षांची मुलगी आमच्याकडे तोंड करून उभी होती. पाठ जाळीच्या मधोमध टेकवून ती मागे रेलायची, जाळी तिला परत पुढं ढकलायची आणि ती खदखदून हसायची.

"रोजचा खेळ आहे तिचा," तो कौतुकानं म्हणाला. "तुमची जाळी फार आवडते तिला."

"तिला आत घ्या," मी म्हणालो. "आधी तिला आत घ्या."